नवरंगाचा नववा रंग

पूर्वी एका नगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व जवळच्या रानात नवरंग पक्ष्याच्या जन्माला आले होते.

नवरंग दिसायला देखणा, पण त्याचं सारं जगणं जमिनीलगतचं. पाचोळ्यात टुणटुण उड्या मारायच्या, पान उलटायचं, खालचा किडा टिपायचा. सांज-सकाळ दोन सुरांची शीळ घालायची. घरटंही खालच्या झुडपात, काटक्यांचं, गोल, एका बाजूला दार. त्यामुळे रानातलं प्रत्येक पाऊल त्याच्या काळजावर पडतं. म्हणून वाडवडिलांनी त्याला एक धडा दिलेला. भय आलं की भयाकडे पाठ करायची आणि हलायचं नाही. पाठ हिरवी, ती पाल्यात मिसळून जाते. शेपटीखालचा लाल रंग तेवढा झाकून ठेवायचा. लाल दिसला की जीव गेलाच म्हणून समजा.

त्या साली पद्मिका राणीचं तान्हं मूल तापाने फणफणलं. वैद्य हरले, तेव्हा राणीने आपली दाई मंजुका हिला रानापलीकडच्या वृद्ध तापसीकडे पाठवलं. तापसी म्हणाली, वडाखालच्या वृक्षदेवतेला नवरंग वाहा. मंजुका इतकी घाबरलेली की तो शब्द तोंडात धरून ती धावत परत आली. वाड्यातही कुणी पुढे विचारलं नाही. नवरंग म्हणजे रानातला पक्षी, असंच साऱ्यांनी धरलं, आणि कुंभक नावाच्या व्याधाला पाखरू जिवंत धरून आणायला सांगितलं.

कुंभक झुडपाजवळ आला तेव्हा मादी पिल्लांवर बसली होती. दोघांनीही पाठ फिरवली. बोधिसत्त्वांचं काळीज असं धडधडत होतं, की त्यानेच पाचोळा हलेल असं त्यांना वाटलं. पाऊल पुढे गेलं. तेवढ्यात एक पिल्लू चिवचिवलं, आणि पाऊल थांबलं.

कुंभक वाकला. त्याचा हात झुडपात शिरणार, एवढ्यात बोधिसत्त्व वळले. जन्मभर झाकलेला लाल रंग दाखवीत ते उघड्यावर आले आणि त्यांनी शीळ घातली. जाळं अंगावर पडलं.

वाटेने कुंभक स्वतःशी पुटपुटत होता, की एकावर भागलं तर बरं, नाही तर पुन्हा त्याच झुडपात हात घालावा लागेल.

राणीने पक्षी तळहातावर घेतला. देवतेला उणं जायला नको म्हणून ती रंग मोजू लागली. हिरवी पाठ, निळे खांदे, डोळ्यावरची काळी पट्टी, पांढरा गळा, पिवळसर पोट, लाल बूड, तपकिरी डोकं, गुलाबी पाय. आठच भरले.

मंजुका म्हणाली, "नववा पोटात असेल. चिरल्याशिवाय कसा दिसायचा?" ती काही दुष्ट नव्हती. त्या बाळाला तिनेच न्हाऊमाखू घातलं होतं.

खिडकी उघडी होती, राणीची मूठ सैल होती. पण दारात कुंभक जाळं खांद्यावर टाकून उभा होता. आपण उडालो तर हा कुठे जाईल, ते बोधिसत्त्वांना ठाऊक होतं. ते थरथरत होते, पण बसून राहिले, आणि माणसाच्या वाणीने बोलले.

"देवी, माझीही पिल्लं आहेत, म्हणून तुझं भय मला कळतं. मी उडणार नाही. पण एक विचारून घे. नवरंग हे नाव मला माणसांनी दिलं. तापसीने माझं नाव घेतलं होतं, की नुसते रंग म्हटले होते?"

राणीने मंजुकाकडे पाहिलं. मंजुका म्हणाली, "विचारायचं राहिलं, देवी."

तापसीला पालखीतून आणलं. सारं ऐकून तिने कपाळाला हात लावला आणि ती मंजुकाला म्हणाली, "अगं वेडे, मी फुलांचं म्हटलं. नऊ रंगांची फुलं. झाडातली देवता ती, हे पाखरू तिच्या अंगाखांद्यावर खेळतं. तिचंच लेकरू कापून तिला वाहणार होतीस होय?"

फुलांसाठी दासी धावल्या. आठ रंगांची मिळाली, नववा रंग कुठेच मिळेना. दिवस कलला, बाळाचा श्वास जड झाला. मंजुकाचे डोळे पुन्हा पक्ष्याकडे वळले. राणीचीही बोटं क्षणभर आवळली. बोटांखाली तिला ते इवलं काळीज लागलं, बाळाच्या छातीत उडत होतं तसंच.

ती वडाखाली गेली. आठ फुलं वाहिली आणि मूठ उघडली. "नववं अभय वाहते. या रानात आजपासून कुणाचा जीव घेतला जाणार नाही."

कुंभकाने विचारलं, "आणि मी खाऊ काय, देवी?" तेव्हा राणीने त्यालाच रानाचा राखणदार नेमलं.

बोधिसत्त्व झुडपाशी पोचले आणि त्यांनी शीळ घातली. उत्तर आलं नाही. त्यांचा सूर कापला, तरी त्यांनी पुन्हा घातली. मग आतून बारीक, दोन सुरांचं उत्तर आलं. पहाटे वाड्यात बाळाला घाम येऊन ताप उतरला, आणि ते दुधासाठी रडलं.

आजारी लेकरू मांडीवर घेऊन विहारात आलेल्या सुलसा नावाच्या उपासिकेला शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा सांगितली आणि म्हटलं, "तेव्हाची राणी तूच होतीस, बाई. मंजुका ही तुझ्यासोबत आलेली तुझी नणंद. कुंभक म्हणजे दारातला हा भिक्खू, तापसी म्हणजे ही वृद्ध भिक्खुणी, थेरी. झुडपातली मादी राहुलमाता होती, आणि तो नवरंग मीच."

स्वतः भीत असतानाही दुसऱ्याला निर्भय करणं, यालाच अभयदान म्हणतात.