येसाजीचा तिसरा पुकारा

विषय : मौजे कासारखेड येथील जुन्या कचेरीच्या पायरीस येसाजी पुकाऱ्याचे नाव मिळणेबाबत.

हकीकत अशी, की फार वर्षांपूर्वी, राणीचं राज्य नवं होतं तेव्हा, कासारखेडला मुन्सफाची कचेरी भरत असे. येसाजी तिथला पुकाऱ्या. वादी-प्रतिवादींची नावं पायरीवरून तीनदा पुकारायची, एवढंच त्याचं काम. तिसरा पुकारा संपेपर्यंत माणूस आलं नाही, तर निकाल एकतर्फी. येसाजीनं नाव घेतलं की नदीपलीकडच्या म्हशीही मान वर करत, असं म्हणतात. त्यांच्यावर कुणी दावा लावलेला नव्हता, तरी.

पलीकडच्या वाडीत आवडाबाई राहायची. नवरा मल्हारी वारला आणि वर्षाच्या आत दीर गणोजीनं तिच्या राहत्या घरावर दावा ठोकला. घर गेलं तर दोन पोरींसह ती उघड्यावर येणार होती. तारखेआधीच्या बाजारात तिनं येसाजीला गाठलं.

"नाना, मी येतेच. तेवढं माझं नाव पुकारून संपवू नका."

"बये, तीन म्हणजे तीन. चौथा पुकारा सरकारच्या बापालाही ठाऊक नाही."

तारखेला गणोजी होडीतून पहाटेच अलीकडे आला आणि उतरल्यावर होडी त्यानं धारेला सोडून दिली. नदी दुथडी. आवडाबाई धाकटीला काखेत मारून, थोरलीला हाताला धरून, नदी पायी ओलांडता येते त्या वरच्या उताराकडे निघाली. चार कोसांचा वळसा. पायरीवरून येसाजीला पलीकडच्या टेकाडावर तिचं पांढरं लुगडं पळताना दिसलं. पहिला पुकारा झाला. दुसरा झाला. मग त्यानं छाती भरून घेतली.

"आवडाबाई मल्हारी, हाजीर होऽऽऽ"

आणि तो 'हो' त्यानं तोडलाच नाही. नजर लुगड्यावर, हात कानावर. मुन्सफ जेवून आले, 'हो' चालूच.

गणोजी तणतणला, "रावसाहेब, हा श्वास तरी घेतो का?"

मुन्सफांनी कायद्याचं पुस्तक चाळलं. "श्वासाचा उल्लेख नाही. पुकारा संपल्याशिवाय मला लिहिता येत नाही."

ऐकता ऐकता नदी थबकली आणि उताराला पाणी गुडघाभर झालं, असं म्हणतात. नदीचा जबाब कुणी घेतलेला नाही.

उन्हं कलताना आवडाबाई पायरी चढली, चिखलानं माखलेली. "हाजीर," म्हणाली. तेव्हा येसाजीनं तोंड मिटलं. तिचं म्हणणं ऐकून मुन्सफांनी घर तिच्याकडे ठेवलं. येसाजीचा आवाज मात्र त्या 'हो'बरोबर गेला तो गेलाच. पुढं आवडाबाईच्या पोरी त्याला दारातून हाक मारत, "नाना, जेवायला याऽऽऽ", आणि तो मान हलवत येई.

आजही कासारखेडला जेवायची तिसरी हाक लांबवतात, आणि ती विरेपर्यंत कुणी घास उचलत नाही. ग्रामसभेत गैरहजर लिहिण्याआधीही तिसरा पुकारा होतो. तेवढ्यात चहा होऊन जातो.

पायरीच्या नावासाठी गावानं रीतसर अर्ज केला. वरून येसाजीच्या आवाजाचा लेखी पुरावा मागवण्यात आला. गावानं दोन स्मरणपत्रं पाठवली. तिसरं लिहायला घेतलं आहे, अजून संपवलेलं नाही. अर्ज प्रलंबित आहे.