दाताळचा खूर

न वाचता सही केली अन् आता पंचायतीनं फसवलं म्हणून तो गेनू बोंबलतोय, बोंबलू दे. लई जुन्या काळी दाताळ नावाचं रानडुक्कर बी असंच बोंबललं व्हतं.

त्याच्या रानात दरसाल सभा भरायची. पुढलं वरीसभर समद्यांनी राबून कोणतं काम करायचं, ते तिथं ठरायचं. त्या साली तळ्याचा बांध फुटला व्हता. पण सभेदिवशी दाताळ चिखलात लोळत पडला. दुसऱ्या दिवशी सभेचं लिवणारा कोल्हा ठरावाचं पान घेऊन आला.

"दादा, हजेरीचा तेवढा खूर उमटवा."

दाताळनं न बघताच दाबला.

उन्हाळ्यात तळं आटलं. पिलं ओली माती चोखाया लागली, तसा दाताळ कोल्ह्यावर धावून गेला.

"बांध का न्हाई घातला रं?"

"पानावर मोराच्या नाचाचा ओटा हाय, दादा. गेल्या सालचंच काम उतरवलं, सभेत बांधाचं कुणी बोललंच न्हाई. अन् तुमचा खूर तर समद्यांत खोल उमटलाय."

दाताळ पिलांना घेऊन दोन डोंगर पल्याड पाण्याला निघाला. धाकटं वाटंतच गेलं.

पुढल्या सभेला तो उजाडताच येऊन बसला. कोल्ह्यानं लिवून आणलेलं पान पुढं केलं.

"आधी वाच," दाताळ म्हणाला. "एकेक काम, मोठ्यानं. खुराचं मग बघू."

वाचता वाचता कोल्हा ओट्याच्या कामापाशी अडखळला, तसे ससे बी "आधी बांध!" म्हणत उठून हुबे राहिले. त्या साली बांध झाला.

सोमवारी ग्रामसभेत आपल्या गावचं पुढल्या सालाचं अंदाजपत्रक हाय. तू जा, अन् सही करायच्या आधी ते वाचाया लाव.