बारा रांजण, एकही तडा नाही

"बारा रांजण नाक्यापासून राजवाड्यापर्यंत याच गाडीतून आण. एकाला जरी तडा दिसला, तर ही गाडी फोडून बंबात घालू," रणधीरराव सरकारांनी फर्मावलं.

बायजा कुंभारणीनं सायकलमागच्या गाडीवर हात ठेवला. बापाचा पाय अधू झाल्यापासून घर तिच्या सायकलवर चालत होतं. मागची गाडी तिनं स्वतःच बांधली होती. भंगारातली दोन चाकं, बांबूची चौकट, तळाला बाजेसारखी सुंभाची वीण. सीटखालच्या दांडीला ती टायरच्या तुकड्यानं जोडलेली, म्हणजे सायकल कलली तरी गाडी कलत नसे.

गुन्हा काय, तर नाक्याच्या रस्त्यात खड्डे आहेत, त्यात मडकी फुटतात असं ती बाजारात बोलली. रस्ता बांधला होता सरकारांच्या मेहुण्यांनी, हैबतरावांनी. मग त्यात खड्डे असतीलच कसे? मडकी फुटतात ती गाडीच्याच दोषानं. सरकार त्या रस्त्यानं जन्मात गेले नव्हते, त्यामुळे त्यांची खात्री अगदी पक्की होती.

"मुदत किती, सरकार?"

"पंधरा दिवस. आम्ही दयाळू आहोत."

दुसऱ्याच दिवशी बायजा नाक्यावरून गाडीभर चाळलेली माती घेऊन राजवाड्यात आली. पुढच्या खेपांना आणखी माती, चाक आणि थापी आली, मग शेणी. चौकात तिनं बिऱ्हाडच थाटलं. हाकलावं, तर शर्त सरकारांचीच आणि मुदतही त्यांचीच! तेराव्या दिवशी तिनं मडकी भाजायचा आवा पेटवला. धूर थेट दरबारात शिरला आणि सरकार नाकाला उपरणं लावून न्यायनिवाडा करू लागले.

पंधराव्या दिवशी चौकात बारा रांजण रांगेत उभे होते. बायजानं एकेक वाजवून दाखवला. सगळे खणखणीत.

"लबाडी आहे ही," हैबतराव तणतणले. "रांजण नाक्यावरून आणायचे होते."

"नाक्यावरूनच आणलेत, याच गाडीतून. येताना ते माती होते एवढंच. साहेबांचा रस्ता इतका गुळगुळीत, की मातीला कुठं तडा म्हणून गेला नाही. आता भाजलेले आणायचे असतील, तर आधी साहेबांनीच गाडीत बसून नाक्यापर्यंत जाऊन यावं. त्यांची हाडं शाबूत राहिली, तर माझे रांजणही राहतील."

हैबतरावांनी हळूच आपल्या कमरेला हात लावला. ते पाहून सरकारांना जे हसू फुटलं, ते खोकल्यावरच थांबलं.

"गाडी हिची हिच्याकडेच राहू द्या," ते डोळे पुशीत म्हणाले. "राजवाड्याची मडकी यापुढे हिच्याकडूनच घ्यायची. रस्ताही हिच्या पसंतीनं दुरुस्त होईल. आणि हैबतराव, वाट कसली बघताय? बसा गाडीत."