चाळीस गलबतांची शांतता

किनाऱ्यावरच्या एका राजाला माणसांचा उबग आला. लांबच्या बेटांवर जाऊन आठ दिवस निवांत काढायचे, असं त्यानं ठरवलं. सोबत दिवाण, भालदार, आचारी, वाजंत्री असा लवाजमा तयार झाला. चाळीस गलबतं भरली. गलबत हाकणाऱ्या म्हाताऱ्या धाकू तांडेलाला राजानं बजावलं, "सफरीचा बेत नीट आख. शांतता मिळाली नाही, तर तुझं गलबत जप्त."

धाकूनं दिवाणाकडून सफरीला निघालेल्या माणसांची यादी वाचून घेतली.

"महाराज, यातलं एक नाव कमी करावं लागेल."

"कुणाचं?"

"आपलं. बाकीचे सगळे बेटांवर जाऊ देत. मग आठ दिवस इथंच शांतता."

राजा यादी फाडून एकटाच धाकूच्या गलबतात जाऊन बसला.