बारा बाभळींची वाट

मुलांनो, एका उजाड माळरानावर हरणांचा कळप राहत असे आणि त्याचा नायक होता एक काळवीट. तो एका घटकेत सहा कोस पळे. हा आकडा त्याने स्वतःच मोजला होता आणि कोणी विचारो न विचारो, साऱ्या माळाला सांगून झाला होता. घटका म्हणजे आपली चोवीस मिनिटे. एका घटकेची साठ पळे होतात. कळपातल्या एका म्हाताऱ्या हरिणीला मात्र या वेगाचे फारसे कौतुक नव्हते. ती चालताना मान हलवत पळे मोजत असे आणि तरुण हरणे तिच्या मागे तशीच मान हलवून हसत.

त्या उन्हाळ्यात तळे आटले. आधी चिखल उरला, मग चिखलालाही भेगा पडल्या. नदी बारा कोसांवर होती. वाटेत कोसाकोसावर एक बाभूळ होती, आणि बाराव्या बाभळीपाशी नदी पार करायचा उतार. अंधारात माळावर बिबट्या फिरे, म्हणून सूर्य उगवल्याखेरीज निघता येत नव्हते. आणि उगवल्यापासून तीन घटका झाल्या की थोड्याच वेळात लांडगे उतारावर येत, ते दिवसभर तिथेच पडून राहत. त्याआधी पलीकडे गेले तरच कळप वाचणार होता. काळविटाचे स्वतःचे पाडस जेमतेम महिन्याचे होते. त्याची कोरडी जीभ पाहून काळविटाला राहवेना.

“बारा कोस, तीन घटका. म्हणजे घटकेला चार कोस,” तो म्हणाला. “पहिल्या सहा कोसांत थोडे गवत आहे. तिथे पिले चरत चरत घटकेला दोन कोसांनी चालतील. पुढे नुसते दगड. तिथे घटकेला सहा कोसांनी पळू. दोन आणि सहा आठ, त्याचे निम्मे चार. जमले की नाही?”

“नायका, घटकेला कोस किती ते राहू दे,” म्हातारी म्हणाली. “कोसाला पळे किती, ते बोल. साठाला चाराने भाग, पंधरा येतात. पहिल्या बाभळीपासून बाराव्यापर्यंत, दर बाभळीला पंधरा पळे. एकसारखे नेलेस तर पिलेही तेवढी पळतील.”

“आजी, तीच गोष्ट उलटी सांगितली म्हणून वेगळी होते होय?” काळवीट म्हणाला. सगळा कळप हसला.

सूर्याची कोर दिसताच कळप निघाला. पिले गवताला तोंड लावत रमतगमत चालली. पहिली बाभूळ आली. “तीस,” म्हातारी पुटपुटली. दुसरी आली. “तीस.” काळविटाला तिची ही पुटपुट नकोशी झाली आणि तो चार पावले पुढे जाऊन चालू लागला. सहाव्या बाभळीपाशी मात्र त्याने ऐटीत मान उंचावली. “चला, आता पळा!”

म्हातारी जागची हलली नाही. “सहा वेळा तीस. एकशे ऐंशी पळे झाली,” ती म्हणाली.

“मग?”

“मग तीन घटका इथेच संपल्या, बाळा.”

काळविटाने सूर्याकडे पाहिले. दोन आणि सहाचे निम्मे त्याने बरोबर काढले होते. पण हळू चाललेल्या कोसांनीच सगळा वेळ खाल्ला होता, आणि आता वाऱ्यासारखे पळूनही तो परत मिळणार नव्हता. मागे पाणी नव्हते. पुढे काय आहे ते त्याला आणि म्हातारीला, दोघांनाही कळत होते.

कळप जिवाच्या आकांताने पळाला. एका घटकेत ते नदीवर पोचले, तेव्हा लांडगे उतारावर बसले होते. काळवीट शिंगे रोखून त्यांच्यात घुसला आणि त्यांना बाजूला ओढत राहिला. त्या गडबडीत कळप पाण्यात उतरला. दगडांवरून सहा कोस पळालेले त्याचे पाडस मात्र काठावरच कोसळले. लांडग्यांनी ते गाठले. नदी तिथून चार पावलांवर होती, पण त्याच्या जिभेला पाणी लागले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तळे पुन्हा आटले. म्हातारी तोवर राहिली नव्हती. सूर्य उगवताच काळवीट कळपाच्या पुढे निघाला, आणि चालीबरोबर त्याची मान हलू लागली. मागची तरुण हरणे तशीच मान हलवून हसली. त्याने त्यांना हसू दिले. पहिल्या बाभळीपाशी तो म्हणाला, “पंधरा.” सहाव्या बाभळीपाशी म्हणाला, “पंधरा.” बाराव्या बाभळीपाशीही पंधराच झाली, आणि उतार मोकळा होता. सगळी पिले पलीकडे जाऊन पाणी प्यायली. काळवीट मात्र काठावर, पाडस कोसळले होते त्या जागी, क्षणभर थांबला. मग तोही पाण्यात उतरला.

तात्पर्य : आपण किती वेगाने पळू शकतो, एवढे माहीत असून भागत नाही, एकेका कोसाला किती वेळ लागतो हे पहिल्या कोसापासून मोजावे, कारण सुरुवातीला दवडलेला वेळ पुढे कितीही पळून परत मिळत नाही.