नंदीवरची पहार

आकाशाचा धाक घालून लोकांचे देव मोडायची राजज्योतिषी नरहरभटाला भारी हौस. भर दरबारात तो गरजला, "वृषभ राशीचं युग संपलं, मेषाचं लागलं; आकाशात युगं उलट्या क्रमाने येतात. बैलाची पूजा आता बाद! देवळातला नंदी फोडा, तिथे मेंढा बसवा."

राजाने मान डोलावली. पहारी घेऊन माणसं निघाली.

नंदीची पूजा करणारी धुरपदा गुरवीण संतापाने पुढे आली. "भटजी, बैलाच्या आधी कोणाचं युग होतं?"

"मिथुनाचं. त्याआधी कर्काचं, त्याआधी सिंहाचं."

"म्हणजे सिंह बैलाच्याही आधी बाद झाला! मग महाराजांच्या बुडाखाली कोरलेले हे सिंह कशाला ठेवलेत? पहिली पहार त्यांच्यावर घाला!"

राजाने सिंहासन दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि तो ओरडला, "पहारी परत बोलवा!"