सहाशेचं ताट

“दिवसाला किती म्हणालीस?”

“सहाशे.”

“सहाशे काय?”

“कॅलरी, वस्ताद. अन्नातली ताकद मोजायचं माप असतं ते. मोबाइलवर सगळं मोजून मिळतं.”

मौला वस्ताद आखाड्याची माती उकरत होते. वय एकाहत्तर. वारणेकाठच्या त्या गावात मुलींना कुस्ती शिकवायला लागून त्यांना अठरा वर्षं झाली होती, आणि सकाळची माती अजूनही ते स्वतःच उकरायचे. त्यांनी हातातलं खोरं भिंतीला टेकवलं.

समोर उभी होती वैजयंता लोखंडे. बावीस वर्षांची. अंगानं चिवट, जिभेनं त्याहून. राज्याच्या निवड चाचणीत सत्तावन्न किलोच्या गटात ती एकाच मुलीकडून दोनदा हरली होती. या वर्षी तिनं ठरवलं, गटच बदलायचा. अठ्ठावन्नवरून त्रेपन्नला यायचं, तेही पाच आठवड्यांत. तीन आठवडे झाले होते आणि चार किलो उतरले होते. वस्तादांनी या दिवसांत कितीदा तरी विचारलं होतं, जेवलीस का गं? ती हो म्हणायची आणि पुढं निघायची. आज काट्यावर चोपन्न दिसलं, तेव्हा मात्र सगळं सांगितल्याशिवाय तिला राहवलं नाही.

“खातीस काय?”

“सकाळी दोन अंड्यांचा पांढरा भाग आणि एक केळं. दुपारी एक भाकरी, वाटीभर डाळ. संध्याकाळी काकडी, पेलाभर ताक.”

“बास?”

“बास.”

“आन् त्यावर जोर, बैठका, चार तास लढत?”

“होय.”

“काय होत न्हाई तुला?”

“काही होत नाही, वस्ताद. मन घट्ट पाहिजे. जुन्या लोकांना मोजता येत नव्हतं, म्हणून ते नुसते खात सुटायचे.”



“मन घट्ट पायजे,” ते स्वतःशीच म्हणाले. मग हात झटकून म्हणाले, “मग आजपासनं मी बी. तुझ्या ताटात जे पडंल, तेच माझ्या ताटात. तू वाढवलंस तर मी वाढवणार. तू घटवलंस तर मी घटवणार.”

वैजयंता हसली. ते हसले नाहीत. तिचं हसू तोंडावरच अडकलं.

“अहो, तुमचं वय काय…”

“मी कुठं लढतोय? तुला चालतंय, ते मला का चालू नये?”



तिला वाटलं, दोन दिवसांत वस्ताद कंटाळतील. मटणाच्या रश्शावर जीव असलेला माणूस, काकडीवर किती टिकणार? पण दुपारी रशीदाचाचीनं, वस्तादांच्या बायकोनं, वैजयंतालाही बोलावून दोन ताटं मांडली. एक भाकरी आणि एक वाटी डाळ, दोन्हीकडं सारखंच. वस्तादांनी भाकरीचा शेवटचा तुकडा वाटीत फिरवला, पाणी प्याले आणि उठले.

चाचीनं दोन्ही रिकामी ताटं उचलली.

तिसऱ्या दिवशी ते एप्रिलच्या उन्हात घोंगडी पांघरून बसलेले दिसले. वैजयंता दचकली. तिच्याही अंगावर तेव्हा जाड स्वेटर होता. गेल्या आठवड्यापासून तिला सारखी थंडी वाजत होती. एसटीत खिडकीशी बसल्यामुळं असेल, असं तिनं स्वतःला समजावलं होतं.

चौथ्या दिवशी लंगोटाची गाठ त्यांच्याकडून बसेना. बोटं थरथरत होती. अठरा वर्षांत त्या हातांनी पकडलेलं मनगट कुणाला सोडवता आलं नव्हतं.

“वस्ताद, तुम्ही खा ना. माझ्यासाठी नका हे करू.”

“तुझ्यासाठी कुठं? मन घट्ट हाय का बघतोय.”

“मी शिकाऊ. तुम्ही…”

“तुझं ताट दाव.”

तिनं दाखवलं नाही. दाखवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पाचव्या दिवशी ते धाकट्या मुलींना ढाक शिकवायला उभे राहिले. एक पाय पुढं टाकला आणि तसेच थांबले… पुढं काय करायचं, ते त्यांना आठवेना. त्यांनी वैजयंताकडं बघितलं. तिनं डाव पुरा करून दाखवला. ढाक हा त्यांचा डाव होता. झोपेतून उठवलं तरी त्यांनी तो मारला असता.

त्या संध्याकाळी ती चुलीपाशी गेली.

“चाची, त्यांना दूध द्या. मी सांगितलं म्हणू नका.”

चाची पीठ मळत होती. तिनं मान वर केली नाही.

“पंचेचाळीस वर्षं वाढतीया मी त्यांना. घेत न्हाईत. तू घे. मग घेतील.”

चुलीवर दूध तापलं होतं, साय धरली होती. दोन पेले घ्यायचे आणि आत जायचं, एवढंच तिला करायचं होतं.

तिनं दुपारी वजन केलं होतं. त्रेपन्न किलो सहाशे ग्रॅम. उरलं होतं फक्त सहाशे ग्रॅम.

“अजून दोन-तीन दिवस, चाची,” ती म्हणाली. “मग आम्ही दोघंही पोटभर खाऊ.”

चाचीचे हात परातीत थांबले. तिनं वैजयंताकडं असं बघितलं, जणू दारात कोणी अनोळखी बाई येऊन उभी आहे… मग ती पुन्हा पीठ मळायला लागली.

सहाव्या दिवशी सकाळी वस्तादांनी खोरं उचललं. पहिला वार मातीत बसला. दुसऱ्याला खोरं वर गेलं आणि तिथंच राहिलं. वस्ताद त्याच्यासकट आडवे झाले.

आवाजसुद्धा फार झाला नाही.

वैजयंता जोर मारत होती. ती धावली. त्यांचं तोंड मातीत गेलं होतं. तिनं त्यांना पालथ्याचं उताणं केलं. ओठ पांढरे, डोळे अर्धवट उघडे.

“वस्ताद! वस्ताद!”

तिनं त्यांच्या काखेत हात घातले आणि उचलायला गेली. साठ-पासष्ट किलोच्या पोरी खांद्यावर घेऊन ती आखाड्याला फेऱ्या मारायची. वस्ताद साठाच्या वर नव्हते. तिनं श्वास रोखला, कंबर दिली, जोर लावला…

ते हलले नाहीत.

तिनं पुन्हा जोर लावला. कानात शिट्टी वाजली, उजेड काळा झाला आणि ती त्यांच्या अंगावरच कोसळली.

तोंडात माती गेली होती. उठावं म्हणून तिनं तळवे टेकले, तर कोपरं मोडून पुन्हा खाली. आपल्याला काय झालंय ते तिला कळेना. ती नुसती डोळे फाडून स्वतःच्या दंडांकडं बघत राहिली. हे आपलेच हात आहेत का?

शेवटी धाकट्या चार मुलींनी वस्तादांना उचललं. दोघींनी तिला.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी वस्तादांना सलाइन लावलं. नाडी बघितली, डोळे बघितले आणि म्हणाल्या, “वेळेवर आणलंत.” मग त्या वळल्या आणि वैजयंताचं मनगट धरलं.

“मला नाही, पेशंट ते आहेत,” ती म्हणाली.

डॉक्टरबाई घड्याळाकडं बघत राहिल्या. “मिनिटाला बेचाळीसच ठोके,” त्या म्हणाल्या. “चक्कर येते?”

“कधीकधी.”

“केस गळतात?”

मोरीच्या जाळीत रोज पुंजका अडकत होता.

“या महिन्याची पाळी?”

“…नाही आली.”

“त्या खाटेवर झोप.”

“पण मी…”

“झोप म्हणते ना!”

सुई टोचताना डॉक्टरबाईंनी सगळं विचारून घेतलं. सहाशे ऐकल्यावर त्यांचा हात क्षणभर थबकला.

“घरात बसून राहणाऱ्या बाईनंसुद्धा डॉक्टरला विचारल्याशिवाय बाराशेच्या खाली जाऊ नये. पुरुषानं पंधराशेच्या. तू तर दिवसाला चार तास कुस्ती खेळतेस. तुला दोन हजारांच्या वर लागतं. आठवड्याला अर्धा किलो उतरलं, फार तर एक, तर ठीक. तुझी चरबी उतरली नाही, पोरी. मांस उतरलंय. हृदयसुद्धा मांसाचंच असतं, माहीत आहे ना?”

वैजयंतानं शेजारच्या खाटेकडं बघितलं. वस्तादांचे गाल आत गेले होते. गळ्याची हाडं वर आली होती. सहा दिवसांत… फक्त सहा दिवसांत. तिनं हळूच हात वर नेला आणि आपल्या गळ्याखाली चाचपलं.

तिथंही तशीच हाडं होती.

दुपारी चाची डबा घेऊन आली. मऊ भात, वरण, वर तूप. दोन ताटल्या. वस्तादांनी डोळे उघडले, पण तोंड उघडलं नाही. ते वैजयंताकडं बघत होते.

तिनं घास उचलला. खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्या घासाला ती रडायला लागली आणि रडत रडतच खात राहिली.

मग वस्तादांनी तोंड उघडलं. चाचीनं त्यांना भरवलं.

निवड चाचणीच्या दिवशी काट्यावर तिचं वजन भरलं साडेपंचावन्न. ती सत्तावन्नच्याच गटात उतरली. तीच जुनी प्रतिस्पर्धी समोर आली, आणि वैजयंता तिसऱ्यांदा हरली. पण या वेळी पाच विरुद्ध सहा, एका गुणानं, आणि शेवटची शिट्टी वाजेपर्यंत ती उभी होती.

मॅटवरून उतरून ती वस्तादांच्या शेजारी येऊन बसली. त्यांचे गाल आता जरा भरले होते. समोर दुसरी लढत चालली होती.

“रागावलात?” तिनं विचारलं.

“हरल्याबद्दल?”

“नाही. त्या… संध्याकाळबद्दल. चाचीनं सांगितलं असेल ना. मी अजून दोन-तीन दिवस मागितले होते…”

वस्तादांनी मान डोलावली.

“माझ्या डोळ्यांपुढून जात नाही ते, वस्ताद. तुमचे हात कापत होते, तुम्ही घोंगडीत बसायचात… सहा दिवस बघितलं मी. सहा दिवस! आणि तरी…”

तिच्या गालांवरून पाणी ओघळलं.

वस्तादांनी खांद्यावरचा टॉवेल काढून तिच्या हातात दिला.

“पूस डोळं,” ते म्हणाले. “मला तीन आठवडं बघावं लागलं.”